वऱ्हाडातील हस्तकलांची बाजारपेठ : आठवडी बाजार ते ऑनलाइन विक्री – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वऱ्हाड म्हणजे कापूस, हे समीकरण महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात इतके रूढ झाले आहे की, या प्रदेशातील हस्तकलांचा स्वतंत्र विचार फारसा होत नाही. वस्तुतः अकोट व बाळापूर येथील सुती सतरंज्या, बाळापूरच्या पगड्या, एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरचे विणकाम आणि अंजनगाव सुर्जी येथील बांबूच्या टोपल्या यांची दखल वसाहतकालीन गॅझेटियरकारांनी घेतली होती. या वस्तू कोठे विकल्या गेल्या, कोणी विकल्या आणि विक्रीचा मार्ग बदलला तेव्हा कारागिराच्या हाती काय उरले, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आज हा प्रश्न नव्या स्वरूपात समोर आला आहे. हाताने केलेली वस्तू भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून दूरच्या ग्राहकाला विकता येते. तिचा नमुना क्षणार्धात हजारो लोकांना दाखविता येतो. ग्रामीण कारागिराच्या सर्व अडचणींवरील उपाय म्हणून या सोयीकडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या इतिहासाच्या वर्गात बुरूड कुटुंबातील एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न या संदर्भात उल्लेखनीय वाटतो. वडिलांनी केलेल्या परडीचे छायाचित्र सर्वांना दिसेल असे टाकले तर गिऱ्हाईक आधी येईल की नक्कल करणारा, असे त्याने विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात नसून इतिहासात शोधावे लागते. वऱ्हाडच्या कारागिराच्या दारात दूरची बाजारपेठ प्रथमच आलेली नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) वऱ्हाडातील हस्तकलांच्या विक्रीव्यवस्थेत झालेल्या स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२) प्रत्येक स्थित्यंतरात वस्तूचा नमुना व कारागिराचे नाव यांचे काय झाले, हे तपासणे.
३) मेळघाटातील बांबूकामाच्या आधारे ऑनलाइन विक्रीच्या शक्यता व मर्यादा स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. बाजाराचा रस्ता लांबतो तेव्हा नमुना कारागिराच्या हातून सुटण्याची शक्यता वाढते. तो सुटू न देणारी कारागिरांची संघटना असेल, तरच लांबलेला रस्ता त्यांच्या उपयोगी पडतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. गावगाडा आणि आठवडी बाजार :

त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णन केलेल्या ग्रामव्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार शेतकऱ्याची गरज भागवीत आणि त्याबदल्यात त्यांना धान्यरूपाने बलुते मिळे. बांबूकाम करणाऱ्या बुरडाचे नाव बारा बलुतेदारांच्या यादीत सहसा येत नाही. त्यामुळे बाजाराशी त्याचा संबंध अधिक थेट होता. सूप, टोपले, दुरडी, परडी, कोंबड्यांचे डालगे, धान्य साठविण्याची कणगी या त्याच्या वस्तू आठवडी बाजारात विकल्या जात. खळ्याच्या दिवसांत सुपांची, तर लग्नसराईत परड्या व दुरड्यांची मागणी वाढे.

या बाजाराचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ओळख. घेणारा विकणाऱ्याला चेहऱ्याने व गावाने ओळखत असे. सूप लवकर उसवले तर पुढच्या बाजारी तक्रार होई. चांगले टिकले तर त्याच बुरडाकडे पुन्हा गिऱ्हाईक येई. वस्तूवर नाव लिहिलेले नसले तरी नाव वस्तूबरोबर जात होते. नमुना हा कोणाच्या खाजगी मालकीचा नव्हता. तो जातीत व घराण्यात पाहून शिकला जाई. नक्कल होत नव्हती असे नाही, परंतु नक्कल करणारा त्याच परिसरातील असल्याने तीवर समाजाचे नियंत्रण राहत असे.

अर्थात हा बाजार आदर्श होता असे मानणे चुकीचे ठरेल. कारागिराचे जातीय स्थान खालचे होते. गिऱ्हाईक मोजके असल्याने भाव ठरविण्याची शक्ती त्याच्याकडे नव्हती आणि दुष्काळात मागणी तत्काळ आटे. ओळखीची बाजारपेठ कारागिराला नाव देत होती, मोल देतच होती असे नाही.

दूरच्या मागणीचा अनुभवही या प्रदेशाला जुनाच आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये बाळापूरजवळील दोन प्रवाहांच्या काठी सापडणारे सुंदर दगड घासून-कापून शोभेच्या वस्तू म्हणून ठेवले जातात, अशी नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या या नोंदीत दगडांचे, प्रवाहांचे व गावाचे वर्णन आहे. ते दगड घडविणाऱ्या हातांचा उल्लेख नाही.

२. रेल्वे, कापूस आणि नमुन्यांचे खंड :

इ.स. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला आणि पुढील वर्षी बडनेरा–अमरावती फाटा सुरू झाला. तारायंत्रामुळे दूरच्या बाजारातील भाव खामगाव-अमरावतीच्या व्यापाऱ्याला लवकर कळू लागला. दूरच्या ग्राहकाशी तारेने जोडला गेलेला बाजार वऱ्हाडने अशा रीतीने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिला.

या जोडणीचा लाभ कापसाला झाला. विणकराच्या वाट्याला मात्र तिचे उलटे परिणाम आले. ज्या गाडीने कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या, त्याच गाडीने विलायती सूत व कापड वऱ्हाडात आले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नाक यांच्या १८६० च्या दशकाच्या अखेरच्या लेखनात या दोन प्रवाहांचा संबंध उघडपणे जोडलेला दिसतो. स्वस्त विलायती कापड आत आले की विणकामातले हात शेतीकडे वळतील आणि कापसाचे क्षेत्र वाढेल, अशी त्यांची अपेक्षा होती. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात (१९९७) या प्रक्रियेची सविस्तर मीमांसा केली आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळात या प्रदेशाची जी दैना झाली, तिच्यामागे पूरक व्यवसायांचा हा ऱ्हासही होता.

याच काळातील आणखी एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. लंडनमधील इंडिया म्युझियमशी संबंधित जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय वस्त्रांच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत ७०० कापडांचे प्रत्यक्ष तुकडे चिकटविलेले होते. अशा २० संचांपैकी १३ ब्रिटनमध्ये व ७ भारतात ठेवण्याची योजना होती. भारतीय ग्राहकाला कोणता काठ, कोणता रंग, किती लांबी-रुंदी आवडते हे ब्रिटिश उत्पादकाला घरबसल्या कळावे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. तुकड्यासोबत कापडासंबंधीची माहिती होती, विणकराचे नाव नव्हते.

या खंडांना नमुन्यांचे पहिले मोठे ‘सार्वजनिक दालन’ म्हणता येईल. पूर्वी नमुना पाहण्यासाठी मागाजवळ जावे लागे. आता तो मागापासून, गावापासून व विणकरापासून वेगळा होऊन कागदावर आला. ज्याच्याजवळ यंत्र व भांडवल होते, त्याला तो वापरता आला. नमुना दाखविला गेला म्हणून कारागिराचे नुकसान झाले, असे सरळ विधान करता येणार नाही, कारण यंत्राच्या कापडाची किंमत हेच नुकसानीचे मोठे कारण होते. तथापि नमुना खुला करण्याचा निर्णय कारागिराने घेतलेला नव्हता आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळाला नाही, ही बाब निर्विवाद आहे.

३. टपाल, प्रदर्शन व एम्पोरियम :

दूरच्या ग्राहकाला वस्तू पाठवून पैसे घरपोच वसूल करण्याची पद्धतही नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट म्हणजे ‘व्ही. पी.’ची सोय सुरू केली. १८८० पासून मनीऑर्डरची जोड मिळाली. पुस्तके, औषधे, घड्याळे व्ही. पी.ने मागविण्याच्या जाहिरातींनी मराठी नियतकालिकांची पाने पुढे अनेक दशके भरली. वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची आजच्या ऑनलाइन व्यवहारातील पद्धत या व्ही. पी.चीच वंशज होय.

व्ही. पी.चा लाभ घेण्यासाठी मात्र तीन गोष्टी आवश्यक होत्या : छापील किंमतपत्रक, जाहिरातीचा खर्च आणि पत्रव्यवहार करणारा साक्षर माणूस. बुरूड वा विणकर यांच्याकडे या तिन्ही गोष्टी नव्हत्या. म्हणून टपालाचा बाजार प्रकाशकांचा व औषध कारखानदारांचा झाला. सोय सर्वांसाठी खुली असली तरी तिचा वापर सर्वांना सारखा करता येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

विसाव्या शतकात दोन वेगळे प्रयत्न झाले. १९३४ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा सांभाळली. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. लंडनच्या नमुना-खंडांशी या संग्रहालयाची तुलना उद्बोधक ठरते. नमुने दोन्हीकडे होते, परंतु वर्ध्याचे नमुने कारागिराने पाहावेत, शिकावेत व सुधारावेत यासाठी मांडलेले होते. खादीच्या बाबतीत चरखा संघाने प्रमाणपत्राची पद्धत आणून अस्सल माल व कातणाऱ्याची मजुरी यांचा संबंध जोडला. वस्तू दूर गेली तरी तिच्यामागचे श्रम अदृश्य होऊ नयेत, हा त्यातील विचार होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन होऊन ‘त्रिमूर्ती’ या नावाने हस्तकलांची विक्रीकेंद्रे चालविली गेली. एम्पोरियमने कारागिराला शहरातील ग्राहक दिला, परंतु काचेच्या कपाटातील वस्तूवर बहुधा प्रदेशाचे वा केंद्राचे नाव असे. कारागीर पुन्हा मागेच राहिला.

४. मेळघाटातील बांबू : लवादा येथील प्रयोग :

वऱ्हाडातील हस्तकलेच्या अलीकडील इतिहासात अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे स्थान विशेष आहे. सातपुड्याच्या या डोंगराळ भागात प्रामुख्याने कोरकू समाज राहतो. शेती व वनमजुरी ही त्याची उपजीविकेची मुख्य साधने होत. जंगलात बांबू विपुल असूनही १८६० च्या दशकापासून वाढत गेलेल्या वननियमनामुळे आणि १९७४ मधील व्याघ्र प्रकल्पामुळे त्याच्या वापरावर निर्बंध आले. भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षात होत असल्याने तो तोडणे व वाहून नेणे यासाठी परवाना लागे. वनहक्क कायद्याने (२००६) बांबूला गौण वनोपज म्हणून स्पष्ट मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, हा या लढ्यातील महत्त्वाचा टप्पा होय. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळण्यात आला.

या पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकात सुनील देशपांडे व निरुपमा देशपांडे या दांपत्याने धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राचे काम उभे केले. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांच्या बांबूविषयक कार्यापासून त्यांनी प्रेरणा घेतली होती. स्थानिक युवक-युवतींना बांबूकामाचे प्रशिक्षण देणे, घरबांधणीपासून फर्निचर व शोभेच्या वस्तूंपर्यंत नवे नमुने विकसित करणे आणि वेणूशिल्पी औद्योगिक सहकारी संस्थेच्या माध्यमातून कारागिरांना एकत्र आणणे, असे या कार्याचे स्वरूप राहिले. मे २०२१ मध्ये सुनील देशपांडे यांचे निधन झाले.

केंद्राच्या वस्तूंपैकी ‘सृष्टिबंध’ ही बांबूची राखी सर्वाधिक परिचित झाली. ती मेळघाटाबाहेर, महाराष्ट्राबाहेर व परदेशातही पोहोचली. तिच्या यशाची कारणे पाहिली असता असे दिसते की, राखी हलकी असते, पाकिटात मावते, तिचा टपालखर्च कमी येतो, मागणीचा काळ श्रावणात निश्चित असतो आणि घेणाऱ्याला तिच्यामागील माणसांची गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते. दूरविक्रीसाठी लागणारे सर्व गुण या एका वस्तूत एकत्र आले. त्याहून महत्त्वाचे असे की, राखीबरोबर मेळघाटचे व संस्थेचे नाव गेले. तिचा कच्चा माल, तिचे प्रशिक्षण व तिची विक्री यांची जबाबदारी एकाच ठिकाणी होती. येथे संघटना आधी उभी राहिली आणि दूरचा बाजार नंतर आला. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

५. ऑनलाइन बाजाराची कार्यपद्धती व मर्यादा :

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २०१६ मध्ये यूपीआयमुळे लहान रकमांचे व्यवहार सुलभ झाले. मे २०२० मध्ये शासकीय खरेदी संकेतस्थळावर महिला बचतगटांच्या वस्तूंसाठी ‘सरस’ हे दालन उघडण्यात आले, तर ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रायफेडने आदिवासी कारागिरांच्या वस्तूंसाठी ऑनलाइन बाजार सुरू केला. टाळेबंदीमुळे प्रदर्शने व मेळे बंद पडले असताना या मार्गांची निकड सर्वांना जाणवली. डिसेंबर २०२२ पासून टपाल खात्याच्या निर्यात केंद्रांमुळे लहान पार्सल परदेशी पाठविणेही सोपे झाले. या सर्व सोयी स्वागतार्ह आहेत. तथापि वऱ्हाडातील कारागिराच्या दृष्टीने त्यांच्या चार मर्यादा दिसून येतात.

पहिली मर्यादा जोडणीची. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून घोषित झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहभागाने तेथे इंटरनेट, दूरवैद्यक इत्यादी सोयी करण्यात आल्या. २०१९ च्या लोकसभा निवडणूक प्रचारात या गावाच्या वास्तव स्थितीवरून जाहीर वाद झाला. त्या वादाची राजकीय बाजू बाजूला ठेवली तरी, जोडणी एकदा करून भागत नाही, ती रोज टिकवावी लागते, हा धडा त्यातून मिळतो. ऑनलाइन मागणीला ठरावीक वेळेत उत्तर द्यावे लागते. डोंगरावर जाऊन ‘रेंज’ शोधणाऱ्या विक्रेत्याला ते शक्य होत नाही.

दुसरी मर्यादा आकारमानाची. कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटीमीटरमधील गुणाकाराला साधारणतः ५००० ने भागून येणारे वजन हे प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर त्यावर आकारणी होते. ४० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच खोक्यात बसणारे टोपले हातात अगदी हलके लागत असले तरी या हिशेबाने ते ९.६ किलोचे ठरते. पाठविण्याचा खर्च टोपल्याच्या किमतीहून अधिक होतो. त्यामुळे सूप, टोपले, कणगी या शेतकऱ्याच्या उपयोगाच्या वस्तू ऑनलाइन बाजारात मागे पडतात आणि राखी, कानातले, दिव्याचे आवरण या वस्तू पुढे येतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेला कापसाची दाबलेली गाठ हवी होती. आज कुरिअरला पाकिटात मावणारी वस्तू हवी आहे. काय घडवायचे हे वाहतूक ठरविते, ही बाब दोन्ही काळांत समान आहे.

तिसरी मर्यादा एकसारखेपणाची. ग्राहक छायाचित्र पाहून वस्तू मागवितो. हाताने विणलेल्या दोन परड्या तंतोतंत सारख्या नसतात आणि हिरव्या बांबूचा रंग वाळल्यावर बदलतो. २०२० च्या ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु हस्तकलेचा जो गुण, तोच येथे दोष ठरण्याचा संभव असतो. ‘रंगात व आकारात थोडा फरक संभवतो’ हे वाक्य वर्णनात लिहिण्याचे भान कारागिराला कोणी तरी द्यावे लागते. याच नियमांनी विक्रेत्याची ओळख उघड करणे बंधनकारक केले आहे. वस्तू कोणाच्या हातची आहे हे सांगण्याची सक्ती त्यांत नाही.

चौथी मर्यादा कागदपत्रांची. वस्तू व सेवा कराच्या मूळ व्यवस्थेत ई-वाणिज्य संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याला, त्याची उलाढाल कितीही कमी असली तरी, नोंदणी करावी लागत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना राज्यांतर्गत विक्रीपुरती सवलत मिळाली. राज्याबाहेरची विक्री या सवलतीत आली नाही. म्हणजे धारणीहून पुण्याला परडी पाठविणे सोपे झाले, पण शेजारच्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरला संकेतस्थळामार्फत ती विकणे सोपे झाले नाही. आठवडी बाजारात मेळघाट व निमाड यांचा शेजार जुना आहे. ऑनलाइन बाजारात मात्र राज्याची सीमा अधिक जाड झाली.

६. नमुन्याची मालकी :

विद्यार्थ्याच्या ज्या प्रश्नाचा उल्लेख प्रारंभी केला, तो आता विचारात घेता येईल. नमुना सर्वांना दाखविणे यात वावगे काही नाही. रांगोळी, गोधडी, भरतकाम यांचे नमुने पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून वाटले गेले आणि मराठी स्त्री-मासिकांनी विणकामाचे नमुने छापून ही परंपरा वाढविली. तेथे नमुना देणारी व घेणारी दोघीही स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्या होत्या. ज्याच्या उपजीविकेचे साधन नमुना आहे आणि घेणाऱ्याच्या हाती यंत्र आहे, तेथे मात्र ही देवाणघेवाण समान राहत नाही.

कायद्याचे संरक्षण मर्यादित आहे. डिझाइन अधिनियम, २००० नुसार नव्या आकाराची वा नक्षीची नोंदणी करता येते. तिचे संरक्षण १० वर्षे व पुढे ५ वर्षे मिळते. परंतु नोंदणीपूर्वी नमुना प्रसिद्ध झाला असेल, तर तो ‘नवा’ राहत नाही. याचा अर्थ असा की, कारागिराने उत्साहाने टाकलेले पहिले छायाचित्रच त्याचा नोंदणीचा हक्क घालवू शकते. नोंदणीयोग्य पण अनोंदित नमुन्याच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक झाल्या की, कॉपीराइट कायद्याचे संरक्षणही संपते. परंपरागत सूप किंवा परडी तर मुळातच नवी नसल्याने तिची डिझाइन म्हणून नोंदणी होत नाही.

परंपरागत कलेसाठी भौगोलिक निर्देशन अधिनियम, १९९९ हा मार्ग उपलब्ध आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. ही नोंदणी व्यक्तीच्या नावे नसून उत्पादकांच्या संघटनेच्या वा त्यांचे हित पाहणाऱ्या संस्थेच्या नावे होते. पैठणी, वारली चित्रकला, कोल्हापुरी चप्पल यांना हे संरक्षण मिळाले आहे. त्याचे सामर्थ्य व मर्यादा २०२५ मध्ये स्पष्ट झाल्या. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी चपलेशी साधर्म्य असलेली पादत्राणे मूळ कलेचा उल्लेख न करता सादर केली. त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांतून पसरताच टीका झाली आणि कंपनीने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या संदर्भातील जनहित याचिका फेटाळली. निर्देशनाची नोंदणी ज्यांच्या नावे आहे त्यांनी स्वतः दाद मागावी, असा त्यामागील आशय होता. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र व कर्नाटक येथील दोन शासकीय चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

या प्रकरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. ज्या माध्यमामुळे नक्कल सोपी होते, त्याच माध्यमामुळे ती उघडकीसही येते. १८६६ च्या नमुना-खंडांच्या बाबतीत विणकराला हे शक्य नव्हते, कारण ते खंड त्याने पाहिलेच नव्हते. दुसरे असे की, उघडकीस आल्यानंतर बोलणी करण्यासाठी नाव, नोंद व संस्था लागते. कोल्हापुरीजवळ ती होती, म्हणून बोलणी झाली. अंजनगावच्या टोपलीसाठी अथवा अकोटच्या सतरंजीसाठी तशी वेळ आली, तर कोण उभे राहील, हा प्रश्न वऱ्हाडने स्वतःला विचारला पाहिजे.

निष्कर्ष :

प्रस्तुत अभ्यासावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वऱ्हाडातील हस्तकलांना दूरची बाजारपेठ ऑनलाइन विक्रीमुळे प्रथमच मिळाली, हे मत इतिहासाला धरून नाही. रेल्वे, टपाल, प्रदर्शन व एम्पोरियम ही तिचीच पूर्वरूपे होत.

२) प्रत्येक टप्प्यावर नमुना व किंमतपत्रक ज्याच्या हाती होते, त्याला अधिक लाभ झाला. केवळ सोय उपलब्ध झाल्याने कारागिराची स्थिती सुधारली नाही.

३) ऑनलाइन विक्री सर्व वस्तूंना सारखी अनुकूल नाही. हलक्या व शोभेच्या वस्तूंना ती साहाय्यक ठरते. सूप, टोपले, कणगी यांसाठी आठवडी बाजार व जवळची शहरेच आजही महत्त्वाची आहेत. म्हणून स्थानिक बाजाराची उपेक्षा करून ऑनलाइन विक्रीवर विसंबणे धोक्याचे आहे.

४) मेळघाटातील प्रयोगाचे यश संकेतस्थळापेक्षा सहकारी संघटना, प्रशिक्षण व कच्च्या मालाची उपलब्धता यांवर अधिक आधारलेले आहे.

५) कारागिरांच्या संस्थांनी आपल्या नमुन्यांची सचित्र व तारखेसह नोंदवही ठेवावी, प्रत्येक वस्तूसोबत कारागिराचे व गावाचे नाव द्यावे आणि नवा नमुना प्रसिद्ध करण्यापूर्वी नोंदणीचा विचार करावा. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, वाणिज्य व गृहअर्थशास्त्र विभागांना या नोंदींच्या कामी प्रत्यक्ष साहाय्य करता येईल.

परडीचे छायाचित्र टाकावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर या अभ्यासाच्या आधारे असे देता येईल : छायाचित्र अवश्य टाकावे, परंतु ती परडी कोणाची, कोणत्या गावची व कधी घडविलेली, याची नोंद त्याआधी झालेली असावी. फोर्ब्स वॉटसनच्या अठरा खंडांत ७०० तुकडे जपले गेले, पण ते विणणारा एकही हात नावाने ओळखता येत नाही. वऱ्हाडच्या कारागिरांच्या बाबतीत पुढील काळातील अभ्यासकाला हेच विधान पुन्हा करावे लागू नये, ही जबाबदारी कारागिराइतकीच आपलीही आहे.